नऊ जणांची हजेरी

११ मे १९३७, मंगळवार

पोचले एकदाची! टपालाच्या ट्रकमध्ये पत्रांच्या पोत्यावर बसून आले. ड्रायव्हर म्हणाला, गेल्या चार वर्षांत सोल्हाइमला बाहेरचं माणूस उतरलेलं त्याने पाहिलं नाही. आणि आता उतरतंय ते कबरी मोजायला! त्याच्याबरोबर मीही हसले. गाव म्हणजे एक चर्च, एक दुकान, एक लोण्याचा कारखाना आणि टेकडीवरची दफनभूमी. बाकी डकोटाचं गवत आणि वारा.

थेआ ब्रेक्के यांच्याकडे खोली मिळाली आहे. साठीच्या विधवा बाई. सगळं गाव थेआमावशी म्हणतं, म्हणून मीही. दारातच त्यांनी विचारलं, कॉलेजात हल्ली मेलेल्यांची शिरगणती शिकवतात काय? मी म्हटलं, इतिहास शिकवतात. तर म्हणाल्या, तेच ते. मग बटाट्याची गरम पोळी, लेफ्से, वर लोणी-साखर, आणि कॉफीचा तिसरा कप 'नको' म्हणायच्या आत ओतलेला. माझ्या खोलीच्या खिडकीतून टेकडी दिसते.

बाबा रुळांवर गँगमध्ये राबतात, आई दुसऱ्यांचे कपडे धुते, आणि त्यांची मुलगी पदवी घेऊन सरकारी योजनेवर नेमली गेली आहे. जिल्ह्यातल्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या दफनभूमी शोधायच्या, दगड स्वच्छ करायचे, प्रत्येक नाव कार्डावर उतरवायचं. ज्यांनी मातीच्या ढेकळांची घरं बांधून ही जमीन पहिल्यांदा फोडली, त्यांची नावं एकाही पुस्तकात नाहीत. मी असेपर्यंत एकही सुटणार नाही.

धाकट्या बहिणीला, व्हर्नाला, माझ्याबरोबर यायचंच होतं. सतराची झाली तरी स्टेशनावर रुसून उभी होती. परीक्षा संपल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलंय. पण आमच्या व्हर्नाला 'येऊ नकोस' म्हटलं की ते 'ये' असंच ऐकू येतं.

१४ मे, शुक्रवार

तीन दिवसांत बेचाळीस कार्डं! संगमरवर इतका झिजलाय की सरळ उजेडात काही दिसत नाही. मग आरसा घ्यायचा, ऊन तिरपं पाडायचं, की अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि कोऱ्या दगडावर माणूस उमटतो. दर वेळी अंगावर शहारा येतो. घासायला फक्त मऊ ब्रश आणि पाणी. तारेचा ब्रश लावणाऱ्याला मी तुरुंगात टाकेन.

हाल्वोर टेग्लंड दफनभूमीची राखण करतात. पासष्टीचे, काटक, विळा खांद्यावर. पहिल्या दिवशी माझा आरसा बघून म्हणाले, पोरी, मेलेल्यांना आरसा दाखवू नये, त्यांना आपली दशा कळते. मग स्वतःच पाण्याची बादली आणून दिली. हजेरीची वहीही त्यांच्याकडेच असते.

ही हजेरी मला फार आवडली. तीस मे, फुलं वाहण्याचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव टेकडीवर जमतं आणि हाल्वोर एकेक मृताचं नाव पुकारतात. ज्याच्या घरचं ते माणूस, तो म्हणतो, 'इथे आहे.' म्हणजे या मृताला घर आहे, तो बेवारशी नाही. मी विचारलं, ज्यांचं कुणीच उरलं नाही त्यांचं काय? हाल्वोर म्हणाले, त्यांचं कुणीतरी लांबचं निघतंच. आणि विळ्याला धार लावायला लागले.

२० मे, गुरुवार

आज मोठा शोध! उत्तरेच्या कुंपणालगत गवत वेगळं उगवलंय, म्हणून तिथे सळई खुपसून पाहिली. वीतभर खाली 'ठक्क'. पुन्हा हातभर पुढे, पुन्हा 'ठक्क'. दाराएवढा दगड असणार, पालथा पडलेला. उद्या योजनेचा ट्रक कार्डं न्यायला येतोय, त्यावर दोन मजूर असतात. पहारींनी उलटवता येईल.

२१ मे, शुक्रवार

उलटवला. गावचाच राखाडी दगड, घरी छिन्नीने कोरलेला. मातीखाली असल्याने अक्षरं कालची वाटावीत इतकी ताजी. वर वर्ष, १८८१, आणि खाली नऊ नावं. सगळी मुलं. अँडर्स, अकरा वर्षं. पेत्रा, नऊ. एलेन. जुळे निल्स आणि नुट. लार्स. बेरित. योहान. शेवटची गुरो, तीन वर्षं. आडनाव एकाचंही नाही.

एक खटकलं. पडलेल्या दगडाचा बुंधा मोडलेला असतो, जमिनीत खाच असते. याला बुंधाच नाही. हा कधी उभा नव्हताच. कुणाला तरी खड्डा करून यथास्थित पालथा ठेवावासा वाटला की काय? कार्डावर 'कारण अज्ञात' लिहिलं.

रात्रीच्या जेवणाला मी उत्साहाने सगळं सांगितलं. थेआमावशींच्या हातची किटली कप सोडून मेजावर ओतत राहिली. मग म्हणाल्या, होता तसा पालथा घाल, आणि ती नावं माझ्या घरात घेऊ नकोस. मी का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या की एवढी शिकलीस, पण विचारू नये ते कळत नाही, आणि अॅप्रनने डोळे पुसत आत गेल्या.

२६ मे, बुधवार

हाल्वोरशी कडाक्याचं भांडण. ती नऊ नावं हजेरीत घ्या म्हटलं, तर साफ नाही. कारण विचारलं तर म्हणाले, माझ्या आधीच्याने घेतली नाहीत, त्याच्या आधीच्याने घेतली नाहीत, मी घेणार नाही, बस. मी म्हटलं, तीन वर्षांच्या पोरीचं नाव घ्यायला एवढ्या दणकट गावाची जीभ का अडते? त्यांनी विळा खाली ठेवला. म्हणाले, तू वाईट नाहीस गं, म्हणूनच तुझी भीती वाटते.

व्हर्नाला लिहिलं: अन्याय जुना झाला म्हणून न्याय होत नाही. तिला अशी वाक्यं आवडतात.

३० मे, रविवार

केलं.

स्वच्छ ऊन होतं. पिओनीच्या फुलांच्या पेंढ्या, पोरंबाळं, गाड्या. एकशे सहा नावं, प्रत्येकाला कुणी ना कुणी 'इथे आहे' म्हटलं. हाल्वोरनी वही मिटली आणि माझ्याने राहवलं नाही. मी उत्तरेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं, अँडर्सपासून गुरोपर्यंत. कुणी उत्तर दिलं नाही. दीडशे माणसं आणि फक्त वारा. मला इतकी लाज वाटली, त्यांची आणि माझीही, की मीच म्हणाले, 'इथे आहे.' एकेका नावाला, नऊ वेळा.

टाळ्या मला नकोच होत्या. पण बायकांनी पोरांची तोंडं आपल्या झग्यांत दाबली आणि उतारावरून खाली निघाल्या, सांडलेली फुलंही न उचलता. हाल्वोर शेवटी थांबले होते. मला वाटलं रागावतील. ते फक्त म्हणाले, घरी कोण कोण असतं तुझ्या?

१ जून, मंगळवार

दुकानात माझ्याशी कुणी बोललं नाही. दुकानवाल्या बाई पाठमोऱ्याच राहिल्या. ठीक आहे. नव्या गोष्टीला वेळ लागतो. व्हर्नाला कालच सगळं लिहून टाकलंय.

दुपारी स्वयंपाकघरात चुलीभोवती पाणी होतं. पायाला बर्फासारखं लागलं. बाहेर ऊन इतकं की डांबर पाघळत होतं. मी फडक्याने पुसलं. पुसताना मोजली: थारोळी नऊ. वेगवेगळी. लहान-मोठी.

थेआमावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, पुसू नकोस, त्यांच्या बुटांवरचं बर्फ आहे.

३ जून, गुरुवार

रोज दुपारी बारा वाजता येतात. दिसत नाहीत. आधी दाराची कडी हलते, मग फळ्यांवर ओलावा, मग खोकला. नऊ वेगळे खोकले. चूल पेटलेली असूनही कॉफीवर पापुद्रा गोठतो. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरते, माझ्या कमरेच्याही खाली, आणि तिच्यात बोटांचे ठसे.

माझं डोकं फिरलं असं मला म्हणायचं होतं. पण थेआमावशींनी नऊ वाडगे मांडले, दुधातली लापशी वाढली आणि सर्वांत कडेच्या वाडग्यापाशी बसून बोलत राहिल्या. पेत्रा त्यांची बहीण होती. तेव्हा मावशी चार वर्षांच्या होत्या. आईने ते नाव घरात पुन्हा घेऊ दिलं नाही. म्हणत होत्या, तू माझी वेणी घालायचीस, घट्ट घालायचीस, डोकं दुखायचं. हसत होत्या.

जेवण संपल्यावर वाडग्यांतली लापशी तशीच होती, फक्त कडक, बर्फ झालेली.

४ जून, शुक्रवार

मावशींचा घसा धरलाय. म्हणाल्या, काही नाही, जास्त बोलले.

मी हाल्वोरकडे गेले. ते अंगणातच उभे राहिले, मला फाटकाच्या आत घेतलं नाही. तिथून, दहा पावलांवरून सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

ऐंशी-एक्याऐंशीचा हिवाळा. घटसर्प आला. ज्या घरात शिरायचा त्या घरातली सगळी पोरं न्यायचा. तेव्हा गावाने ठरवलं की जी आजारी पडली ती एकत्र ठेवायची, टेकडीवरच्या मातीच्या शाळेत. चूल, सरपण, घोंगड्या, आणि दारापर्यंत कुणी जायचं नाही. रोज दुपारी बारा वाजता बाप लोक लांब उभे राहून एकेकाचं नाव पुकारायचे. जो 'इथे आहे' म्हणेल त्याच्या वाटणीचं जेवण बर्फावर ठेवायचं. हाल्वोर तेव्हा नऊ वर्षांचे, निरोगी. बापाचा हात धरून ऐकायला जायचे.

मग वादळ आलं. तीन दिवस कुणाला उंबरा ओलांडता आला नाही. चौथ्या दिवशी गेले, नावं पुकारली. नऊच्या नऊ जणांनी उत्तर दिलं. खणखणीत. लोक रडले आनंदाने. जेवण ठेवलं. ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं, म्हणून एकाने धीर करून दार लोटलं.

सरपण पहिल्याच रात्री संपलेलं होतं. सगळी चुलीभोवती बसल्या जागी लाकूड झाली होती. मरून तीन दिवस झाले होते.

त्यानंतर कुणी नाव पुकारलं नाही. फक्त पुढच्या वर्षी जुळ्यांची आई, मारित, हिला राहवलं नाही. ती टेकडीवर गेली, नऊही नावं घेतली आणि 'इथे आहे' म्हणाली. तिला वाटलं, तिची दोन तरी घरी येतील. नऊ आली. घर मिळालं ना त्यांना. थंडी वाजते, आजारी आहेत, कुशीत शिरतात. पोरंच ती. वसंत सरेपर्यंत त्या घरात नवरा, सासू, तीन लेकरं, कुणी राहिलं नाही. शेवटी मारित. घर संपलं तेव्हा ती पोरं परत गेली, आणि गावाने दगड पालथा घातला.

मी विचारलं, दगड पुन्हा पालथा घातला तर? म्हणाले, दार उघडल्यावर कडी लावून काय होतं. मी निघून गेले तर? म्हणाले, तू राहशील ते त्यांचं घर. गेलीस तर तुझ्या आईच्या चुलीपाशी बसतील.

म्हणून त्यांनी विचारलं होतं, घरी कोण कोण असतं.

६ जून, रविवार

मावशींची मान सुजून खांद्याएवढी झाली आहे. घशात राखाडी पडदा. डॉक्टर आला, प्रतिविषाचं इंजेक्शन दिलं. म्हणाला, या वयात असा घटसर्प त्याने पाहिलेला नाही. फाटकावर पिवळा कागद ठोकला: आत येऊ नये. मला बाहेर पड म्हणाला. मी मान हलवली. कुठे जाऊ?

मावशींची मी माफी मागितली. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'छप्पन्न वर्षं मी तिला हाक मारली नाही. तू मारलीस.' मग खाली, 'पण मला मरायचं नव्हतं.'

७ जून, सोमवार

थेआमावशी गेल्या. दुपारी सव्वाबाराला. ऊन अंथरुणावर पडलं होतं. त्यांच्या केसांची वेणी कुणीतरी घातली होती. घट्ट. मी नाही.

घरी पत्र टाकलं. घटसर्पाची साथ आहे, कुणीही येऊ नका, मी बरी आहे, काम संपलं की मीच येईन. व्हर्नासाठी वेगळी ओळ: तुला माझी शपथ. पत्रं पिवळ्या कागदापलीकडे काठीने सरकवावी लागतात. टपालवाला चिमट्याने उचलतो.

८ जून

मावशींना नेलं. मला टेकडीवर येऊ दिलं नाही.

विचार करकरून एकच वाट दिसते. घर म्हणजे मी. मी एकटी. मी इथेच राहिले, कुणी आलं नाही, तर घर माझ्यापाशी संपतं. आई-बाबा, व्हर्ना वाचतात. एवढं सोपं आहे. एवढंच करायचं. कुणी यायचं नाही.

आज गुरो माझ्या मांडीवर बसली. वजन लागलं. मांडी अजून बधिर आहे.

१० जून, गुरुवार

घसा. आज सकाळपासून.

व्हर्नाचं पत्र. माझं पत्र पोचायच्या आधी टाकलेलं की नंतर, कळत नाही — माझ्या पत्राबद्दल शब्द नाही. परीक्षा संपली. रविवारी येते. लोण्याच्या ट्रकवाल्याला गाठलंय. 'तुझ्या कबरी बघायच्या आहेत मला, विशेषतः ती नऊ पोरं. तू त्यांना घर दिलंस, सिग्ने, मी वर्गात सगळ्यांना सांगितलं. मीसुद्धा तेच केलं असतं.'

नाही. नाही नाही.

११ जून

दुसरं पत्र टाकलं. तिसरं. टपालवाला म्हणाला, सोमवारच्या आत कुठलंच पोचत नाही. तार? दुकानात तारेची सोय नाही, सर्वांत जवळचं स्टेशन अठरा मैल. चालत निघाले. पहिल्या पुलापर्यंत गेले. मागे नऊ खोकले, ओळीने, शाळेच्या पोरांसारखे. पुढे चालले असते तर स्टेशनातल्या माणसापाशी घेऊन गेले असते त्यांना. परत आले.

हाल्वोर अंगणापलीकडे आले होते. व्हर्नाचं पत्र दाखवलं. ते म्हणाले, रविवारी पहाटेपासून दक्षिणेच्या रस्त्यावर खुर्ची टाकून बसतो, ट्रक तिथूनच येतो, पोरीला तिथूनच परतवतो, जरूर पडली तर बंदूक दाखवतो. देवाची शपथ घेतली. मी रडले. त्यांनी टोपी काढली — नमस्कारासाठी नव्हे. माझ्यासाठी काढली. मेलेल्या माणसासाठी काढतात तशी.

१२ जून, शनिवार

आवाज गेला. बोलायला जाते, फक्त शिट्टी. मान वळत नाही.

रविवारच्या आत संपले तर बरं. असं मी लिहितेय. पदवी घेतली त्या दिवशी बाबांनी सगळ्या गँगला कागद दाखवला होता. त्यांच्या काळ्या हातांचा ठसा पडला होता कोपऱ्यात.

संपत नाही मी. ती मला ऊब देतात. नऊ जण अंगाला चिकटून. थंड. पण — त्यांना मी जिवंत हवी आहे. घर हवं आहे.

पेत्रा केस विंचरते माझे.

१३ जून, रविवार

साडेदहा. खिडकीपाशी खुर्ची ओढली. दक्षिणेच्या रस्त्यावर हाल्वोर दिसतात. बसलेत. बंदूक मांडीवर. देव भलं करो त्यांचं.

अकरा. ट्रक आला, पण उलट बाजूने, उत्तरेकडून गावातून. थांबला. हाल्वोर ड्रायव्हरशी बोलतात. हात हलवतात. ट्रकमध्ये दुसरं कुणी नाही. नाही आली! ती नाही आली —

ड्रायव्हर टेकडीकडे बोट दाखवतोय.

उत्तरेच्या वळणावर उतरली. दफनभूमी बघायला. हाल्वोर धावताहेत, पासष्ट वर्षांचे, धावता येत नाही त्यांना

पावणेबारा. टेकडीवर निळा झगा. त्या दगडापाशी. वाकून वाचतेय. माझं काम बघतेय. उतरतेय आता. शेतातून, सरळ इकडे

दाराला खुर्ची लावली. मेज लावलं. पिवळा कागद आहे, ती वाचेल, वाचता येतं तिला, थांबेल

फाटक. वाचला. थांबली. शहाणी माझी. जा. परत जा

काच फोडावी तर हात उठत नाही. बारा झाले. पाणी आलं फळ्यांवर. सगळे उठून खिडकीपाशी उभे आहेत, माझ्या बाजूला, टाचा उंचावून. खोकत नाहीत

ती हाक मारतेय. सिग्ने, तू आहेस का आत, नुसतं हो म्हण, मग जाते मी, नुसतं एकदा

तोंड उघडलं मी. आवाज नाही. काहीच

आणि माझ्या शेजारून, माझ्या आवाजात, अगदी माझ्या, नऊ वेळा — इथे आहे, इथे आहे, इथे

हसली ती. फाटकाची कडी